फेडले, पण फिटले नाही

मालवणच्या किनाऱ्यावर चिऱ्याचे घर बांधणे ही सामान्य नोकरदाराच्या किंवा छोट्या व्यावसायिकाच्या आयुष्यात एकदाच घडणारी गोष्ट असते. पूर्वी असे घर टप्प्याटप्प्याने उभे राही. एका वर्षी जोते, दुसऱ्या वर्षी भिंती, मुंबईच्या भावाने पैसे धाडले की छप्पर, अशी त्याची चाल असे. चिरा, सिमेंट, लोखंड आणि मजुरी यांचे आजचे दर पाहता ही चाल परवडत नाही. घर एका दमात बांधावे लागते आणि त्यासाठी बँकेच्या दारी जावे लागते. गृहकर्ज ही त्यामुळे चैनीची बाब राहिलेली नसून निवाऱ्याची पूर्वअट होऊन बसली आहे. अशा स्थितीत एखाद्याला हे कर्ज मिळणार की नाही, हे तो आज काय कमावतो यापेक्षा काही वर्षांपूर्वी त्याने दुसऱ्या एखाद्या कर्जाची तडजोड केली होती की नाही यावरून ठरत असेल, तर हा प्रश्न बँकेच्या व्यवस्थापकाच्या टेबलापुरता सोडून देता येणार नाही.

सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीने ऑक्टोबर २०१९ ते मे २०२१ या अवघ्या वीस महिन्यांत तीन तडाखे सोसले. ऐन मासेमारीच्या हंगामात आलेल्या क्यार वादळाने होड्या किनाऱ्याला जखडून ठेवल्या. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात पर्यटकांसाठी घरात चार खोल्या काढून बसलेल्या कुटुंबांचे उत्पन्न एका रात्रीत थांबले. त्यातून सावरण्याआधीच मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने घरांची छपरे, माडाची झाडे, विजेचे खांब आणि नांगरून ठेवलेल्या होड्या यांची धूळधाण केली. मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली होती. परंतु हप्ते पुढे ढकलणे म्हणजे कर्ज कमी होणे नव्हे. मुभा संपली, तेव्हा मुद्दल जागच्या जागी होते आणि व्याज वाढले होते.

अशा वेळी थकलेल्या कर्जदारापुढे जो मार्ग उरतो, त्याला बँकेच्या भाषेत एकरकमी परतफेड किंवा तडजोड म्हणतात. कर्ज नव्वद दिवसांहून अधिक थकले की ते अनुत्पादक ठरते. पुढे वसुलीची नोटीस, सहकारी संस्था असेल तर सहकार कायद्याच्या कलम १०१ अन्वये वसुली दाखला, बँक असेल आणि स्थावर गहाण असेल तर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ताबा, अशा पायऱ्या असतात. त्या चढण्यापेक्षा येणाऱ्या रकमेपैकी काही भाग सोडून उरलेली रक्कम पदरात पाडून घेणे बँकेलाही सोयीचे असते. कर्जदार दागिने मोडतो, बागेचा तुकडा विकतो, मेहुण्याकडून उसने घेतो आणि ठरलेली रक्कम ठरलेल्या मुदतीत भरतो. बँक ती स्वीकारते आणि खाते बंद करते. व्यवहारात त्याचे कर्ज फिटलेले असते.

तडजोडीची किंमत

परंतु त्याच्या पतअहवालात ते फिटलेले नसते. पतमाहिती कंपनीच्या दप्तरी त्या खात्यापुढे ‘बंद’ असा शेरा येण्याऐवजी ‘सेटल्ड’, म्हणजे तडजोडीने मिटवलेले, असा शेरा येतो. २००५ च्या पतमाहिती कंपनी कायद्याखाली देशात आज अशा चार कंपन्या काम करतात. त्यांपैकी सिबिल ही सर्वांत जुनी असल्याने तिचे नाव लोकांच्या तोंडी सामान्यनाम होऊन बसले आहे. ३०० ते ९०० या पट्टीवर प्रत्येक कर्जदाराचा आकडा काढला जातो आणि गृहकर्जाच्या अर्जावर अधिकाऱ्याची नजर प्रथम त्या आकड्यावर आणि त्या शेऱ्यावर जाते. तो शेरा दिसला की अर्जदाराचे वेतनपत्रक, त्याची वीस वर्षांची नोकरी आणि तडजोडीनंतर त्याने नियमित भरलेले हप्ते या साऱ्यांचे वजन एकदम कमी होते.

याचा पैशातला हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, एका कर्जदाराकडे चार लाख रुपये येणे होते आणि बँकेने दोन लाख साठ हजारांवर तडजोड केली. म्हणजे त्याला एक लाख चाळीस हजारांची सूट मिळाली. चार वर्षांनी त्याला घरासाठी पंधरा लाखांचे कर्ज पंधरा वर्षांच्या मुदतीने हवे आहे. शेरा नसता, तर ते त्याला साडेआठ टक्क्यांनी मिळाले असते आणि मासिक हप्ता सुमारे १४,७७० रुपये पडला असता. शेऱ्यामुळे बँक नकार देते आणि एखादी खाजगी वित्तकंपनी तेरा टक्क्यांनी कर्ज देऊ करते. आता हप्ता सुमारे १८,९८० रुपये होतो. फरक महिन्याला सुमारे ४,२०० रुपयांचा, आणि पंधरा वर्षांत तो साडेसात लाखांवर जातो. एक लाख चाळीस हजारांच्या सुटीची ही खरी किंमत. तडजोडीच्या कागदावर सही करताना ती कर्जदाराला कोणी सांगितलेली नसते. वसुली अधिकाऱ्याचे लक्ष मार्चअखेरीकडे असते आणि कर्जदाराचे लक्ष दारावर लागलेल्या नोटिशीकडे.

कोकणात यात आणखी एक अडचण मिसळते. इथल्या जमिनी बहुधा सामाईक असतात. सातबाऱ्यावर भावकीतील अनेक नावे, त्यांतील काही मुंबईत, काही हयात नसलेल्यांची. वाटपपत्र नाही, बिनशेतीचा आदेश नाही, शिवाय किनाऱ्यालगत सागरी किनारा नियमन क्षेत्राची बंधने. निर्दोष पत असलेल्या माणसालाही इथे घर तारण ठेवताना नाकीनऊ येतात. त्यात जुन्या कर्जाचा बोजा ‘इतर हक्का’च्या रकान्यातून कमी करून घ्यायचा राहिला असेल, तर वकिलाच्या शोध अहवालात तो निघतोच. कर्ज फिटल्यावर बोजा आपोआप उतरत नाही, त्यासाठी बँकेचा दाखला घेऊन फेरफार नोंदवून घ्यावा लागतो, ही साधी गोष्टही अनेकांना घरकर्जाच्या वेळीच कळते. ज्याच्या जमिनीचे कागद सरळ नाहीत त्याला निदान पत तरी स्वच्छ लागते. पतही डागाळलेली असेल, तर त्याला उघडे असणारे दार फार महागड्या सावकाराचे असते.

शिक्षक आणि कारकून यांना हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. सहकाऱ्याच्या कर्जाला जामीन राहणे हा इथल्या कार्यालयांतील आणि शाळांतील जुना शिष्टाचार आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, आणि बँकेच्या कर्जाचा जामीन जामीनदाराच्या पतअहवालातही दिसतो. सहकाऱ्याचे कर्ज थकले की त्याची झळ सही करणाऱ्याच्या घरकर्जाला लागते. उलट पगारदारांच्या पतसंस्थेत वर्षानुवर्षे बिनचूक फेडलेल्या हप्त्यांचे श्रेय बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. कारण या संस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात आणि बहुतांशी या पतमाहितीच्या जाळ्याबाहेर आहेत. विद्यार्थ्यांनीही सावध असावे. पतइतिहास समाधानकारक नाही म्हणून भारतीय स्टेट बँकेने एका उमेदवाराची नेमणूक रद्द केली होती आणि जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. पतअहवाल आता केवळ कर्जाच्या टेबलावरच वाचला जात नाही.

बारा महिने आणि सात वर्षे

या प्रश्नाचा गाभा दोन मुदतींतील तफावतीत आहे. रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ रोजी तडजोडीने मिटवलेल्या कर्जांसाठी एक चौकट घालून दिली. ती सहकारी बँका आणि वित्तकंपन्या यांनाही लागू करण्यात आली. शेतीकर्ज वगळता इतर कर्जांत तडजोड केलेल्या कर्जदाराला त्या संस्थेने किमान बारा महिने नवे कर्ज देऊ नये, असे तिच्यात म्हटले आहे. मुदत याहून वाढवण्याचा अधिकार प्रत्येक संस्थेच्या संचालक मंडळाला आहे. तरीही नियामकाच्या मते बारा महिने ही विचारात घेण्याजोगी किमान मुदत आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

दुसरी मुदत पतमाहितीची. पतमाहिती कंपन्यांसाठी २००६ मध्ये केलेल्या नियमांनुसार ही माहिती किमान सात वर्षे जपून ठेवावी लागते. इथे ‘किमान’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ठरावीक काळानंतर तडजोडीची नोंद विचारात घेऊ नये, असे कर्ज देणाऱ्या बँकेला बांधून टाकणारा नियम नाही. म्हणजे एका नियमाने बारा महिन्यांनंतर दार उघडण्याची शक्यता ठेवायची आणि दुसऱ्या नियमाने त्याच दारावर सात वर्षे किंवा त्याहून अधिक काळ पाटी लावून ठेवायची, असा हा प्रकार आहे. बँकेचा अधिकारी साहजिकच पाटी वाचतो. दार उघडून पुढे काही बिघडले तर जाब त्याला द्यावा लागतो. अर्ज नाकारल्याबद्दल त्याला कोणी जाब विचारीत नाही.

पाश्चात्त्य देशांत कर्ज देण्याची वृत्ती आपल्यापेक्षा उदार आहे असे नव्हे. परंतु तेथे या नोंदींना शेवट आहे. इंग्लंडमध्ये १९८६ च्या नादारी कायद्याने कर्जदार आणि धनको यांच्यात औपचारिक तडजोडीची व्यवस्था सुरू केली. येणे रकमेच्या पंचाहत्तर टक्के मूल्याच्या धनकोंनी मान्यता दिली की ती सर्वांना बंधनकारक होते, आणि तिची नोंद पतअहवालात साधारणतः सहा वर्षे राहते. अमेरिकेतील १९७० च्या कायद्याने बहुतेक प्रतिकूल नोंदींना सात वर्षांची आणि नादारीला दहा वर्षांची कमाल मर्यादा घातली आहे. शिक्षा कठोर असेल, पण ती कोणत्या तारखेला संपणार हे कर्जदाराला ठाऊक असते.

आपल्याकडे असा कायदा लिहिलेला नाही असेही नाही. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेच्या तिसऱ्या भागात व्यक्तींसाठी परतफेडीच्या आराखड्याची तरतूद आहे. तीन चतुर्थांशांहून अधिक मूल्याच्या धनकोंची संमती, न्यायाधिकरणाची मान्यता, आराखडा पुरा झाल्यावर मुक्तीचा आदेश, अशी त्याची रचना आहे. अगदी अल्प उत्पन्न असलेल्या आणि घर नसलेल्या ऋणकोंसाठी नव्याने सुरुवात करण्याची वेगळी प्रक्रियाही तिच्यात सांगितली आहे. परंतु १ डिसेंबर २०१९ पासून हा भाग अमलात आला तो केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. मालवणच्या मच्छीमाराला किंवा कुडाळच्या कारकुनाला तो अद्याप लागू झालेला नाही. त्यांच्यासाठी आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच आहे, आणि त्या वाटेला सहसा कोणी जात नाही. उरते ती बँकेच्या मर्जीवर अवलंबून असलेली तडजोड. ती हक्क म्हणून मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बिजनौर नागरी सहकारी बँकेच्या प्रकरणात डिसेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे.

कंपनीला एक न्याय

याच संहितेखाली कंपनीच्या बाबतीत काय घडते, हे ताडून पाहावे. थकलेल्या कंपनीचा आराखडा मंजूर झाला की आराखड्यात न आलेली जुनी देणी नष्ट होतात आणि कंपनी कोऱ्या पाटीने पुन्हा उभी राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये घनश्याम मिश्रा कंपनीच्या खटल्यात सांगितले. धनकोंना यात पुष्कळदा आपल्या मागणीच्या निम्म्याहून अधिक रकमेवर पाणी सोडावे लागते. जुन्या मालकाला बहुधा बाहेर जावे लागते, हा फरक मान्य केलाच पाहिजे. कंपनीचा मालक बदलता येतो, माणसाला मात्र स्वतःला बदलून दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. परंतु म्हणूनच त्याला नव्या सुरुवातीची गरज अधिक आहे. कारखाना पुन्हा चालावा म्हणून कोरी पाटी द्यायची आणि त्या कारखान्यात काम करणाऱ्याने वादळात बुडालेले दीड लाख बँकेने सोडले म्हणून त्याला घर नाकारायचे, या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही.

महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासात हा धडा एकदा गिरवून झाला आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला आणि तो आसपास पसरला. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत न्यायालयांना कर्जाच्या मुळाशी जाऊन व्याज तपासण्याचे आणि हप्ते बांधून देण्याचे अधिकार मिळाले. हेतू चांगला होता. परंतु दिलासा मिळालेल्या कुणब्याला पुढच्या हंगामासाठी पैसे कोठून मिळणार, याची सोय त्या कायद्याने केली नाही. सावकाराने गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेण्यास सुरुवात केली. कागदावर विक्री आणि मनात कर्ज असा व्यवहार रूढ झाला आणि गहाण पडणारी जमीन थेट हातची जाऊ लागली. जुने कर्ज हलके करताना नव्या कर्जाची वाट मोकळी ठेवली नाही, तर माणूस वाईट सावकाराकडून अधिक वाईट सावकाराकडे जातो, हे त्यातून दिसले.

हा अनुभव पुढच्या कायदेकर्त्यांनी ध्यानात घेतला. मुंबई प्रांताच्या १९४७ च्या शेतकरी ऋणमुक्ती कायद्याने कर्जे कमी करून हप्ते बांधून दिले, पण हंगामी गरजेसाठी सहकारी संस्थांनाही त्या रचनेत स्थान दिले. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीत अल्प व अत्यल्प भूधारकांना पूर्ण माफी होती आणि इतरांनी पंचाहत्तर टक्के भरल्यास पंचवीस टक्के सूट होती. या योजनेनेही दिलासा मिळालेल्यांना नव्या पीककर्जाला पात्र ठरवले. शेतीच्या बाबतीत दिलासा आणि नवी पत यांची सांगड घातली पाहिजे, हे तत्त्व शासनाने अशा रीतीने मान्य केले आहे. घराच्या बाबतीत ते अद्याप मान्य झालेले नाही. पीक बुडाले तर पुन्हा पेरणी करावी लागते हे सर्वांना समजते. घर पडले तर पुन्हा बांधावे लागते, हे तितकेच समजायला हवे.

ठेवीदाराची बाजू

या युक्तिवादाला दुसरी बाजू आहे आणि ती हलक्याने घेण्यासारखी नाही. बँक कर्जाऊ देते तो पैसा ठेवीदाराचा असतो. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा स्वतःचेच पैसे काढता न येणाऱ्या पेन्शनरांच्या रांगा महाराष्ट्राने पाहिल्या. ठेवींना पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण मिळू लागले ते फेब्रुवारी २०२० पासून. ज्याने पूर्वी पैसे बुडवले त्याची माहिती बँकेला असू नये, असे कोणी म्हणणार नाही. शिवाय ऋण काढून सण करणारे असतातच. तडजोडीचा डाग लवकर पुसला जाणार असे कळले, तर फेडण्याची ऐपत असलेलाही थकबाकी करून सूट मागू लागेल आणि ज्याने पोटाला चिमटा घेऊन शेवटचा हप्ता भरला तो मूर्ख ठरेल, ही भीती निराधार नाही. वारंवारच्या कर्जमाफीने सहकारी संस्थांची वसुली कशी ढासळते, याचा अनुभव ग्रामीण महाराष्ट्राला आहे. २०१७ आणि २०१९ च्या राज्य कर्जमाफी योजनांत नियमित फेड करणाऱ्यांसाठी वेगळे प्रोत्साहन अनुदान ठेवावे लागले ते याच नाराजीमुळे.

तथापि या आक्षेपाचे उत्तर माहिती लपवण्यात नाही आणि ती कायमची चिकटवून ठेवण्यातही नाही. ते माहिती अधिक नेमकी करण्यात आहे. आजचा शेरा फेडता येत असून न फेडणारा आणि फेडण्याची इच्छा असून न फेडू शकलेला या दोघांना एकाच रकान्यात बसवतो. कर्जाची पुनर्रचना झाली असेल, तर ती नैसर्गिक आपत्तीमुळे झाली किंवा महामारीमुळे झाली, असे पतअहवालात वेगळे दाखवण्याची सोय आहे. तडजोडीच्या शेऱ्यात कारणाचा असा भेद नाही. तौक्ते वादळात होडी फुटल्याचा पंचनामा शासनाच्या दप्तरी असतो आणि त्याच होडीच्या कर्जाची तडजोड बँकेच्या दप्तरी असते, पण या दोन कागदांची गाठ कधी पडत नाही. ती पडली, तर लबाडाला लाभ न देता प्रामाणिकाला न्याय देता येईल.

दुसरे असे की, गृहकर्ज हे तारणाचे कर्ज आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तीस लाखांपर्यंतच्या कर्जातही घराच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांहून अधिक रक्कम देता येत नाही. हाती घर गहाण असताना, पगार दरमहा खात्यात जमा होत असताना आणि तडजोडीनंतरच्या काही वर्षांत एकही हप्ता चुकलेला नसताना जुन्या शेऱ्यालाच निर्णायक मानणे हे सावधपणाचे लक्षण नसून विचार टाळण्याचे आहे. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ त्याला पतइतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निर्देशांत सांगितले आहे. जो कधी चाललाच नाही त्याला ही सवलत मिळते, मग जो पडून पुन्हा चालू लागला आहे त्याचे चालणे निदान पाहिले तरी जावे.

काय करता येईल

उपाय क्रांतिकारक नाहीत. तडजोडीची रक्कम पूर्ण भरल्यापासून तीन वर्षे इतर सर्व देणी नियमित फेडलेली असतील, तर केवळ त्या नोंदीच्या आधारे घरकर्ज नाकारता येणार नाही, असा नियम रिझर्व्ह बँकेने करावा. बँकेला इतर कारणांनी नकार देण्याची मोकळीक राहावी, पण ती कारणे लेखी द्यावी लागावीत. तडजोडीचा प्रस्ताव देताना तिचा पतअहवालावर काय परिणाम होईल, तो किती काळ राहील आणि सोडलेली रक्कम पुढे भरल्यास शेरा बदलून ‘बंद’ असा करता येईल की नाही, हे कर्जदाराला मराठीत, सहीपूर्वी, लेखी सांगणे बंधनकारक व्हावे. आपत्तीच्या पंचनाम्याची नोंद तडजोडीच्या शेऱ्याशी जोडण्याची सोय व्हावी. आणि संहितेचा व्यक्तींसाठीचा भाग निदान छोट्या कर्जदारांपुरता अमलात यावा.

नियम बदलेपर्यंत कर्जदारालाही काही गोष्टी स्वतः कराव्या लागतील. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, तो मागवून वाचावा. तडजोडीचे पत्र, भरलेल्या रकमेच्या पावत्या आणि बेबाकी दाखला एकत्र जपून ठेवावेत. अहवालातील चूक तक्रारीनंतर तीस दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर दिवसाला शंभर रुपये भरपाईची तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू झाली. कर्ज पूर्ण फेडल्यावर किंवा मिटवल्यावर मालमत्तेची मूळ कागदपत्रे तीस दिवसांत परत न करणाऱ्या संस्थेला दिवसाला पाच हजार रुपये द्यावे लागतील, असा नियम डिसेंबर २०२३ पासून आला. सातबाऱ्यावरील बोजा त्याच वेळी उतरवून घ्यावा. आणि ऐपत सुधारल्यावर पूर्वी सोडलेली रक्कम भरून शेरा बदलून मिळेल का, हे घरकर्जाचा अर्ज करण्यापूर्वी जुन्या बँकेला विचारावे. वरच्या उदाहरणातील एक लाख चाळीस हजार भरणे हे साडेसात लाखांच्या जादा व्याजापेक्षा स्वस्त पडते.

स्थानिक सहकारी बँकांची जबाबदारी या बाबतीत विशेष आहे. १९०४ च्या कायद्याने या देशात सहकारी पतपुरवठा सुरू झाला, तो गावातील माणसे एकमेकांना ओळखतात या आधारावर. कोणाची होडी वादळात गेली आणि कोणी कर्जाच्या पैशावर चैन केली, हे मुंबईतील संगणकाला कळत नसले तरी आचऱ्याच्या किंवा वेंगुर्ल्याच्या शाखेला कळते. ही ओळख वशिल्याला वापरली गेली म्हणून सहकाराची बदनामी झाली. तीच ओळख न्यायासाठी, लेखी आणि तपासता येईल अशा निकषांवर, वापरता येणे शक्य आहे. आकड्याने निर्णय घ्यायचा असेल, तर मग शाखा आणि शाखाधिकारी यांची गरज काय, हा प्रश्न सहकारी बँकांच्या संचालकांनी स्वतःला विचारावा.

मराठीत ‘पत’ या शब्दाला कर्ज मिळण्याची योग्यता आणि समाजातील विश्वास असे दोन्ही अर्थ आहेत. विश्वास गमावता येतो, तसा तो पुन्हा कमावताही आला पाहिजे. ज्या व्यवस्थेत तो पुन्हा कमावण्याची वाट नाही, तेथे ठरलेल्या अटी पाळून, दागिने मोडून पैसे भरणाऱ्यात आणि न भरता पळून जाणाऱ्यात फरक उरत नाही. असा फरक पुसून टाकणे बँकांच्या हिताचे नाही आणि ठेवीदारांच्याही नाही. तडजोडीला कर्जफेडीचा मान द्यायचा की नाही, हे रिझर्व्ह बँकेने ठरवायचे आहे. तो द्यायचा नसेल, तर तसे त्या कागदावर सहीच्या जागेच्या वर ठळक अक्षरांत छापावे.